मुलांचे दात आणि मुलांची शाळा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



एरवी मी आपल्याशी भाताच्या रोपवाटिकेविषयी, भेंडीवरच्या अळीविषयी, खताच्या मात्रेविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपल्या मुलांच्या दातांविषयी बोलायचे आहे. आपल्यापैकी कुणी म्हणेल, "शेतीच्या साहेबांना दातांचं काय घेऊन बसायचंय? त्याला डॉक्टर आहेत की!" म्हणणं बरोबर आहे. पण कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर या भागात बांधावर फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. शाळेची घंटा होऊन गेलेली असते आणि एखादं मूल गालावर हात ठेवून ओटीवर बसलेलं असतं. विचारावं तर उत्तर ठरलेलं, "दाढ दुखतेय. आज शाळेत नाही गेला."

एक दिवस बुडाला, त्यात काय मोठंसं, असं वाटतं. पण हा हिशेब एका दिवसाचा नसतो. तोच हिशेब आज आपण मांडून बघू.

दुखणं दातात, नुकसान अभ्यासात

भाताला फुटवे येण्याच्या वेळी नत्राचा हप्ता चुकला, तर पुढे दुप्पट खत टाकून ते नुकसान भरून येत नाही. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पहिली ते चौथीची वर्षं म्हणजे मुलाच्या शिक्षणातला फुटव्याचा काळ. अक्षरओळख, वाचन, पाढे, हातच्याची वजाबाकी, भागाकार, सगळं याच वर्षांत होतं. भागाकार शिकवला त्या चार दिवसांत मूल घरी राहिलं, तर पाचव्या दिवसापासून फळ्यावर काय चाललंय ते त्याला कळत नाही. मग ते मागच्या बाकावर सरकतं. पुढे घरी ऐकू येतं, "आमच्या पोराचं डोकंच चालत नाही." डोकं चालतं हो! त्याची दाढ ठणकत होती, एवढंच.

आणि मूल शाळेत गेलं, तरी दुखणं त्याच्याबरोबर जातंच. रात्री दाढ ठणकली की झोप होत नाही. झोप झाली नाही की सकाळी लक्ष लागत नाही. चावता येत नाही म्हणून भाकरी अर्धी टाकून मूल उठतं. शाळेत दुपारी मिळणारी खिचडीसुद्धा एका बाजूने कशीबशी चावतं. अन्न कमी गेलं की अंगात त्राण कमी. पुढचे दात किडून काळे पडले असतील, तर मूल हसायला लाजतं आणि उभं राहून धडा वाचायला नको म्हणतं. पुढचे दात लवकर गेले तर काही अक्षरांचे उच्चार नीट येत नाहीत, इतर मुलं हसतात, की मग ते गप्पच बसतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शाळकरी मुलांची अशी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुलांचे दात खराब होते, त्यांची शाळा दातदुखीमुळे बुडण्याचं प्रमाण चांगले दात असलेल्या मुलांच्या सुमारे तिप्पट आढळलं. दातदुखीने शाळा बुडणाऱ्या मुलांची अभ्यासातली प्रगतीही कमी दिसली. यातली पुढची गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. दात तपासून घेण्यासाठी ज्यांची शाळा एखादा दिवस बुडाली, त्यांच्या अभ्यासात तशी घट दिसली नाही. म्हणजे दवाखान्यासाठी बुडालेला दिवस वाया जात नाही. वाया जातात ते दुखण्याचे दिवस.

आपल्याकडेही हे दुखणं थोडंथोडकं नाही. २००२-०३ साली देशभर दातांची पाहणी झाली होती. तिच्यात ५ वर्षांच्या आणि १२ वर्षांच्या, दोन्ही वयांच्या मुलांत निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचे दात किडलेले आढळले. पाहणी जुनी आहे. पण तेव्हापासून गावागावांतल्या दुकानांत खाऊच्या पुड्यांच्या माळा वाढल्या आहेत की कमी झाल्या आहेत, ते आपणच सांगा.

दाताची कीड म्हणजे काय?

आपण म्हणतो, दाताला कीड लागली. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की दातात खरोखरच अळी शिरते. बाजारात, जत्रेत दातातली कीड काढून दाखवणारे भेटतात. कापसाच्या बोळ्यावर बारीक अळी दाखवतात आणि पैसे घेतात. मंडळी, ती अळी त्यांच्या हातातून आलेली असते, आपल्या दातातून नव्हे. दातात अळी नसते.

मग असतं काय? आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दातांवर जो चिकट, पिवळसर थर साचतो, त्यात ते राहतात. आपण साखर, गूळ, बिस्किट, चॉकलेट असं गोड खाल्लं की त्यातल्या साखरेपासून हे जंतू आम्ल तयार करतात. दाताचं वरचं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण आम्लापुढे तेही विरघळतं. गोड खाल्ल्यानंतर अर्धा तासभर हा मारा चालू राहतो. मग लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते आणि कवचाची झीज थोडीफार भरूनही काढते. पण लाळेला तेवढी उसंत मिळाली पाहिजे ना!

भातावरच्या खोडकिडीची आठवण करा. अळी खोडाच्या आत असते, बाहेरून रोप हिरवं दिसतं. पुढे पांढरी पळींज दिसू लागते, तेव्हा त्या लोंबीसाठी काही करण्याची वेळ गेलेली असते. दाताचंही असंच आहे. आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो. मग तपकिरी ठिपका, मग खड्डा. दुखायला लागतं ते शेवटी, आतल्या नसेपर्यंत गेल्यावर. पांढऱ्या डागावर इलाज झाला तर दात पूर्ववत होऊ शकतो. खड्डा लहान असेल तर चांदी किंवा सिमेंट भरून भागतं. नसेपर्यंत गेल्यावर मात्र उपचार लांबतो, खर्च वाढतो आणि कधी दात काढण्यावाचून उपाय उरत नाही.

अजून एक. खूप दुखणारी दाढ एके दिवशी आपोआप दुखायची थांबते. घरचे म्हणतात, "बरं झालं, राहिलं." ते बरं झालेलं नसतं. आतली नस मेलेली असते आणि पू मुळाकडे उतरत असतो. पुढे गाल सुजतो, ताप येतो. गालावर सूज आणि ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुधाचे दात आणि सहाव्या नंबरची दाढ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काळू नदीच्या काठच्या एका गावात मी लावणीच्या दिवसांत गेलो होतो. आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या वेळी घरात गोधडी घेऊन निजलेला. गाल सुजलेला. त्याची आजी म्हणाली, "सायेब, दुधाचीच दाढ हाय. पडंल आपोआप." मी विचारलं, "आजी, शाळेत डॉक्टर तपासायला आले होते का?" तिने पत्र्याच्या डब्यातून बियाण्याच्या पावत्यांबरोबर घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी काढली. चिठ्ठी डिसेंबरातली होती. खालची दाढ किडली आहे, दवाखान्यात दाखवावी, असं तिच्यात लिहिलं होतं. तेव्हापासून सात महिने ती डब्यात होती. कुणी निष्काळजी नव्हतं, सगळ्यांना मनापासून वाटत होतं की दाढ दुधाची आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दाढ कायमची आहे, पण आता वाचणार नाही. ती काढावी लागली. तोवर मुलाची तीन आठवडे शाळा बुडाली होती.

असा घोटाळा का होतो, ते समजून घ्या. दुधाचे दात एकूण २०. साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दात हलू लागतात, ते आपल्याला दिसतं. पण त्याच सुमारास अगदी मागे, दुधाच्या दाढांच्याही पाठीमागे, एक नवी दाढ गुपचूप येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. त्यांच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ही दाढ कायमची. तिच्या जागी पुन्हा दाढ येणार नाही. जन्मभर भाकरी चावायची ती याच दाढांवर.

ओळखायची कशी? सोपं आहे. मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा. पुढच्या दोन दातांच्या मधून सुरुवात करा आणि एका बाजूला मागे मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच. यापुढचा सहावा दात म्हणजे कायमची दाढ. सहाव्या वर्षी येते, सहाव्या नंबरवर असते. एवढं ध्यानात ठेवलं तरी आजच्या भाषणाचं सार्थक झालं. या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात. त्यात अन्न अडकतं आणि तिथूनच ती लवकर किडते. दाढ नवी असतानाच दातांचे डॉक्टर त्या खाचांत लेप भरून देतात. बियाण्याला बीजप्रक्रिया करतो, तसंच हे. रोग येण्याआधी करायचं काम.

आणि दुधाचे दात पडणारच आहेत, म्हणून ते किडले तरी चालतील, असंही नाही. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे प्राथमिक शाळा पुरी होईपर्यंत मूल त्यांच्यावरच चावतं. शिवाय खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातासाठी त्या जागा राखून ठेवतात. दुधाची दाढ अवेळी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मागाहून येणारा दात वाकडा येतो.

शाळेतल्या तपासणीचा फायदा घ्या

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे देशभर गेलेल्या या योजनेचं पहिलं पाऊल आपल्या जिल्ह्यात पडलं. या कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन गावात येतं. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. ज्या दोषांची तपासणी होते, त्यांत दातांची कीडही आहे.

पथक तपासतं आणि पुढे जायची चिठ्ठी देतं. चिठ्ठी दवाखान्यापर्यंत न्यायचं काम आपलं. म्हणून तपासणीच्या दिवशी मूल शाळेत असू द्या. संध्याकाळी त्याला विचारा, "डॉक्टरांनी काय सांगितलं? कागद दिला का?" कागद दिला असेल तर तो घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि दातांचे डॉक्टर कुठल्या दिवशी, कुठे बसतात ते विचारा. आपल्याला ठाऊक नसेल तर गावातल्या आशाताई चौकशी करून देतील. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. मोठं काम निघालं तर मुंबईत दोन मोठी दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचं नायर आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, सरकारी दंत महाविद्यालय. कसारा-कर्जत मार्गावरच्या मंडळींना टर्मिनसपर्यंत थेट लोकल आहे.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे. सकाळी आपण घासतोच. पण झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रभर दातांवर राहिलेलं अन्न जास्त नुकसान करतं. सकाळ आणि रात्र, दोन वेळा घासायचं. एक वेळ चुकलीच तर रात्रीची चुकवू नका.

दुसरी गोष्ट, फ्लोराइड असलेली पेस्ट. फ्लोराइडमुळे दाताचं कवच आम्लाला जास्त दाद देत नाही. पेस्ट घेताना खोक्यावर फ्लोराइड लिहिलं आहे का आणि ते १००० पी. पी. एम. किंवा थोडं अधिक आहे का, ते शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. किती लावायची? जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याच्या दाण्याएवढी. जास्त पेस्ट गिळणं चांगलं नाही, म्हणून ती मोठ्यांनी आपल्या हाताने लावून द्यावी. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चुळा भरत बसायचं नाही, म्हणजे औषध दातांवर राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत. आईने किंवा वडिलांनी शेवटचा हात फिरवावा.

कडुनिंबाची काडी वाईट नाही. पण ती मागच्या दाढांच्या खाचांपर्यंत पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइडही नसतं. सकाळी काडी वापरायची तर वापरा, रात्री ब्रश आणि पेस्ट घ्या. कोळसा, राख, विटेचा भुगा मात्र बंद करा. त्याने दाताचं कवच खरवडलं जातं.

मशेरीविषयी स्पष्ट बोलतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. घरात आजी, आई लावतात, ते बघून आणि दाढ दुखते म्हणून मुलालाही चिमूटभर लावून देतात. ठणका घटकाभर बधिर होतो, पण कीड तशीच वाढते आणि मुलाला तंबाखूची सवय लागते ती कायमची. मुलाच्या तोंडात मशेरी कधीही घालू नका. दुखऱ्या दातात चुना, रॉकेल किंवा गोळीची पूड भरू नका, हिरडी भाजते. दवाखान्यात जाईपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात.

खाऊ कोणता, केव्हा?

कल्याणच्या बाजार समितीत किंवा डोंबिवलीच्या मंडईत भाजी विकून घरी येताना मुलांसाठी बिस्किटांचा पुडा, चॉकलेटं आणायची, ही आपली मायेची रीत. गोड अजिबात देऊ नका, असं मी म्हणत नाही. किती खाल्लं हे तर बघाच, पण किती वेळा खाल्लं हे जास्त बघा. सणाला जेवणाबरोबर पुरणपोळी खाल्ली, तर दातांवर एकदाच मारा होतो. पण एक चॉकलेट आता, बिस्किट तासाने, रंगीत पेपसी दुपारी, असं दिवसभर तोंड चालू राहिलं, तर लाळेला दात सावरायला वेळच मिळत नाही. चिकट खाऊ सर्वांत वाईट. गूळ पौष्टिक म्हणतात, पण दातांच्या दृष्टीने गूळ आणि साखर सारखेच. तान्ह्या मुलाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नका.

मधल्या वेळी द्यायला आपल्या मळ्यात काय कमी आहे? काकडी, गाजर, पेरू, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ताक. आपण पिकवलेली काकडी शहराला विकायची आणि तेच पैसे देऊन पोरासाठी रंगीत साखरेचं पाणी आणायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे.

वेळ केव्हा काढायचा?

आपण म्हणाल, "सगळं पटलं साहेब, पण लावणीच्या दिवसांत एक माणूस गेलं तर खोळंबा होतो." खरं आहे. म्हणून लावणीत दुखेपर्यंत थांबू नका. मे महिन्यात, मृगाच्या आधी, बियाणं मिठाच्या पाण्यातून काढायच्या सुमारास मुलांचे दात एकदा दाखवून या. शाळेला तेव्हा सुट्टी असते. दुसऱ्यांदा भातकापणी, झोडणी उरकल्यावर न्या. वर्षातून हे दोन दिवस ठरवून काढले, तर ऐन हंगामात मुलाला घेऊन धावाधाव करायची आणि तुमची मजुरी, त्याची शाळा, दोन्ही बुडवायची पाळी सहसा येणार नाही.

मुलं कधी कधी दुखतं म्हणून सांगत नाहीत. दात काढतील अशी त्यांना भीती असते. म्हणून आपणच लक्ष ठेवा. मूल एकाच बाजूने चावतं का? थंड पाणी पिताना तोंड वाकडं करतं का? रात्री रडत उठतं का? तोंडाला वास येतो का? यातलं एकही दिसलं तर तोंड उघडून बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात, लक्षात ठेवा

१. मधून मोजून सहावा दात म्हणजे कायमची दाढ. ती पुन्हा येणार नाही.
२. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड पेस्टने दात घासल्याशिवाय मुलाला निजवू नका.
३. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर. मधल्या वेळी काकडी, फळ, शेंगदाणे.
४. मशेरी, चुना, रॉकेल मुलाच्या तोंडात नको.
५. शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी डब्यात ठेवू नका. आठ दिवसांच्या आत आरोग्य केंद्रात न्या.
६. पांढरा किंवा काळा डाग दिसला की दाखवा, दुखण्याची वाट पाहू नका.
७. वर्षातून दोनदा तपासणी, पेरणीपूर्वी आणि कापणीनंतर.

मुलाने शिकावं म्हणून आपण वह्या घेतो, गणवेश घेतो, प्रसंगी शिकवणीही लावतो. त्या सगळ्याबरोबर एक ब्रश आणि दोन दिवसांची सवड एवढीच भर घालायची आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर मुलांना दिव्याखाली बसवा आणि तो सहावा दात मोजून बघा. नमस्कार.